कागदाबरहुकूम

ट्रे पडला तो थेट निंबाळकर साहेबांच्या बुटावर.

पडण्याआधी तो मशीनमध्ये चांगला अर्धा मिनिट बसला होता. मीच तो दोन्ही हातांनी अलगद सरकवला होता, हात झटकून बाजूला झालो होतो आणि 'बघा, जमलं की नाही' अशा नजरेनं सगळ्यांकडे एकदा बघूनही घेतलं होतं. मग भूपालअण्णांनी मोटर चालू केली. बेदाणे चाळायचं ते मशीन थरथरायला लागलं, ट्रे हळूहळू डावीकडे सरकला, त्याची उजवी कड आधारावरून सुटली आणि स्टेनलेस स्टीलचं ते देखणं प्रकरण तिरपं होऊन खाली आलं. सोबत नमुन्यासाठी ओतलेले दोन किलो बेदाणे.

"बसला नाही," निंबाळकर म्हणाले. पुण्याहून आलेल्या माणसाला इतकं नेमकं बोलता येतं याचं मला त्याही स्थितीत कौतुक वाटलं.

ही गोष्ट ब्याण्णव सालची. कुपवाडच्या एमआयडीसीत भूपालअण्णा चौगुल्यांची पत्राकामाची शेड होती. विजेच्या पॅनेलचे डबे, कपाटांची दारं, ट्रे, जे सांगाल ते पत्र्यातून वाकवून द्यायचं. मी तिथे ड्रॉइंग इनचार्ज होतो. माझ्या चार्जमध्ये एक ड्रॉइंग बोर्ड, एक टी-स्क्वेअर आणि मी स्वतः एवढा लवाजमा होता. डिप्लोमा करून सहा महिन्यांच्या बोलीवर लागलो होतो आणि ते सहा महिने नेमके त्या आठवड्यात संपत होते. ट्रे पास झाला असता तर निंबाळकरांच्या कंपनीकडून दोनशे मशीनचे ट्रे मिळणार होते आणि मी कायम होणार होतो. तसं अण्णांनी स्पष्टच सांगितलं होतं. ट्रे बुटावर पडला तर काय, याविषयी मात्र आमचं काही बोलणं झालं नव्हतं.

आता त्या शेडमधल्या खऱ्या माणसाविषयी सांगतो. दस्तगीर शिकलगार. सगळे त्यांना मामा म्हणत. बावीस वर्षं ते पत्रा वाकवायच्या मशीनवर उभे होते. मशीन हाताचंच. पत्रा पट्टीखाली घालायचा, आखलेली रेघ पट्टीच्या कडेला आणायची, वरून दाब आवळायचा आणि पुढचा दांडा उचलायचा, की खालचं पान वर येतं आणि पत्रा काटकोनात उभा राहतो. ऐकायला सोपं आहे. मलाही सोपंच वाटलं होतं. मामा रेघ लावताना एक डोळा मिटत, ओठ पुढे काढत आणि केसभर पत्रा मागे घेत. मला तो सगळा देखावा वाटायचा.

पत्रा वाकवताना एक गंमत होते. वाकलेल्या जागी तो बाहेरून थोडा ताणला जातो, म्हणून वाकवल्यानंतरची मापं सपाट पत्र्यापेक्षा जास्त भरतात. त्यामुळे कापतानाच तेवढं कमी कापावं लागतं. याला बेंडची वजावट म्हणतात. आमच्या कॉलेजात यावर एक अख्खं प्रकरण होतं आणि परीक्षेत ते ऑप्शनला टाकता येत होतं. मी टाकलं होतं.

कामावर लागलो त्या पहिल्याच आठवड्यात मामा माझा कागद हातात धरून आले. शेजारी कापायच्या मशीनवरचा यल्लाप्पा उभा होता.

"सायेब, ह्यात बेंडचं कमी केल्यालं न्हाई," मामा म्हणाले. "जातंय वाढून."

वजावट मी धरलीच नव्हती. विसरलो म्हणावं तर यल्लाप्पा ऐकत होता. डिप्लोमाची शाई अजून वाळायची होती आणि एक चौथी पास माणूस मला धडा द्यायला निघाला होता.

"मामा," मी म्हणालो, "आकडे काढणं माझं काम, वाकवणं तुमचं. या मशीनवर वजावट लागत नाही. मी हिशेब केलाय. आणि यापुढे माझ्या कागदाला हात लावायचा नाही."

"बरं," मामा म्हणाले. एवढंच.

मी यल्लाप्पाला बजावलं, की कापायचं ते कागदाबरहुकूम, आणि कापलेला प्रत्येक तुकडा टेप लावून स्वतः तपासला. दुसऱ्या दिवशी डबा वाकवून आला. जीव मुठीत धरून मी माप घेतलं. अगदी बरोबर! जेवढं हवं होतं तेवढंच, ना कमी ना जास्त. आधी मला आश्चर्य वाटलं. मग वाटेनासं झालं, आणि वाकवून आलेला माल मोजणंही मी सोडून दिलं. नंतरच्या सहा महिन्यांत मी शे-दीडशे ड्रॉइंगं केली, एकातही वजावट धरली नाही आणि एकही माल परत आला नाही. त्यावरून मी दोन निष्कर्ष काढले. एक, कॉलेजात शिकवतात ते सगळं बिनकामाचं असतं. दोन, आमचं मशीन मुळात स्वभावानं चांगलं आहे. तिसराही एखादा निष्कर्ष निघू शकतो हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्यात त्यावेळी जागा कमी होती, हवा फार भरली होती.

मग निंबाळकर उगवले. त्यांनी मशीनचा सांगाडा आणून ठेवला आणि ट्रे कसा हवा ते सांगितलं. बाहेरून सहाशे मिलिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना पन्नास पन्नासच्या भिंती. ट्रेसाठी जागा सहाशे दोनची, आणि आधार म्हणून दोन्हीकडे फक्त पाच पाच मिलिमीटरची कड, कारण बेदाणे खाली पडायला वाट मोकळी हवी.

"बेंडची वजावट धरता ना?" त्यांनी अण्णांच्या देखत विचारलं.

"धरतो की! त्याशिवाय जमेल कसं?" मी म्हणालो.

आता तोंडातून गेलं म्हटल्यावर धरणं आलंच. घरी जाऊन जुनी वही काढली. ऑप्शनला टाकलेलं प्रकरण आयुष्यात पहिल्यांदा मन लावून वाचलं. सव्वा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला एका बेंडमागे दोन मिलिमीटर कमी करायचे, असं उत्तर आलं. बेंड दोन, म्हणजे वजावट चार. सहाशे अधिक पन्नास अधिक पन्नास, सातशे. त्यातून चार गेले, सहाशे शहाण्णव. तीनदा पडताळून पाहिलं आणि कागदावर ठळक अक्षरात लिहिलं. शेवटी गणित दाखवून खाली दोन रेघाही मारल्या. मामांना सांगायचं कारण नव्हतं. कागदाला हात लावायचा नाही हे त्यांना मीच सांगून ठेवलेलं होतं.

असो. तर बेदाणे जमिनीवर आणि ट्रे निंबाळकरांच्या पायाशी.

निंबाळकरांनी बूट झटकला, खिशातून टेप काढला आणि ट्रे मोजला. "पाचशे शहाण्णव. सहाशेचा सांगितला होता. एकीकडे सरकला की दुसरीकडे सहाची फट पडते, आणि कड पाचचीच आहे."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. अण्णा म्हणजे पांढरा सदरा, जाड चष्मा, आवाज कधीच चढवत नसत. त्यामुळेच शेडमधले लोक त्यांना घाबरत.

"विद्याधर, कागद आण."

मी कागद आणला. निंबाळकरांनी गणित वाचलं, खालच्या दोन रेघांपर्यंत वाचलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "वजावट अगदी नीट धरली आहे. ड्रॉइंगमध्ये काही दोष नाही."

मला एवढं हायसं वाटलं की काय सांगू. दोनशे ट्रेची ऑर्डर बुटावर पडलेली आणि मी मनातून फुलून आलेलो.

मशीनशेजारी दुसऱ्या ट्रेचा सपाट पत्रा अजून वाकवायचा राहिला होता. अण्णांनी तो मोजायला लावला. सहाशे ब्याण्णव.

"मामाला बोलवा."

मामा हात पुसत आले.

"कागदावर किती हाय?" अण्णांनी विचारलं.

मामांनी कागद लांब धरून पाहिला. सहा महिन्यांत त्यांना माझा कागद वाचताना मी पहिल्यांदाच नीट बघत होतो. त्यांची नजर खालच्या गणितावर गेली आणि तिथेच थांबली.

"सहाशे शहाण्णव."

"आणि पत्रा?"

"ब्याण्णव."

"मग चार कुठं गेलं, मामा?"

चार. दोन बेंडचे दोन दोन. म्हणजे मी कागदावर वजा केले होते तेवढेच, पुन्हा एकदा. यल्लाप्पानं पत्रा शहाण्णवच कापला होता, मी स्वतः टेप लावला होता. तो माझ्या टेपखालून मामांच्या मशीनपर्यंत जाताना वाटेत चारनं कमी झाला होता. आणि आज झाला असेल, तर याआधीही रोज होत असणार. सहा महिने, शे-दीडशे ड्रॉइंगं, स्वभावानं चांगलं मशीन. सगळं एका दमात माझ्या लक्षात आलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. विचारणा होती. 'सांगू का, का तुम्ही सांगताय?' एवढंच होतं तिच्यात.

मी माझ्या पायाशी सांडलेल्या बेदाण्यांकडे बघायला लागलो. चांगले लांबट, हिरवट बेदाणे होते.

"नजर चुकली, अण्णा," मामा म्हणाले. "चष्म्याचा नंबर वाढलाय."

"बावीस वर्षांत चुकली न्हाई ती आजच चुकली?"

"व्हय."

निंबाळकर मोठ्या मनाचे निघाले. कामगारांच्या हातून असं होतंच, म्हणाले, गुरुवारी येतो, नवा ट्रे दाखवा. आणि अण्णांनी त्यांच्यासमोरच सांगून टाकलं, उद्यापासून मामा मशीनवर नाहीत, बेंडचं काम यल्लाप्पा करेल. मामांनी मान हलवली. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा होतो.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी मामांना गाठलं. त्यांच्या मशीनच्या मागे, भिंतीला लागून, पायानं दाबायची एक जुनी कात्री होती. ती बंद पडली आहे असा माझा समज होता. तिच्याशेजारी एक ड्रम होता आणि त्यात पत्र्याच्या बारीक पट्ट्या. चार, सहा, आठ मिलिमीटर रुंदीच्या. एवढी बारीक पट्टी कापली की ती आपोआप कुरळी होते. अर्धा ड्रम नुसता कुरळ्या पट्ट्यांनी भरलेला होता. इंजिनियर म्हणून माझी सहा महिन्यांची सगळी कमाई त्या ड्रममध्ये होती.

"हे रोज कापत होता?"

"रोज काय, तुमचा कागद आला की," मामा म्हणाले. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी झुणक्याला लावला. "बसा की. जेवलासा?"

"मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं हुतं की पयल्या आठवड्यात. तुमीच म्हणला, कागदाला हात लावायचा न्हाई. मी कागदाला कुठं लावला? पत्र्याला लावला."

"मग आज आकडा बघायचा ना! आज मी स्वतः कमी केलं होतं!"

ते जेवायचे थांबले. "आता मला काय सपान पडलं हुतं व्हय सायेब, की आजपासनं तुमी बरोबर लिवणार? सहा म्हैनं चुकलं, सातव्यात बी चुकणार, म्हणून घेतलं नेहमीसारखं चार."

उभ्या नोकरीत माझं ड्रॉइंग पहिल्यांदा बरोबर आलं होतं, आणि त्यामुळेच माल पहिल्यांदा बाद झाला होता. हे कुणाला सांगितलं असतं तर पोट धरधरून हसला असता. मला मात्र रडू येत होतं आणि ते येऊ नये म्हणून मी चिडलो.

"अण्णांसमोर का नाही बोललात मग?"

"काय बोलू? सायेबाला सहा म्हैनं वजावट येत नव्हती म्हणून? त्या पुण्याच्या मानसाफुडं?" मामांनी पाण्याचा तांब्या उचलला. "तुमच्या तोंडाकडं बघितलं मी. तुमी बोलतासा का म्हणून."

ते एवढ्या साधेपणानं म्हणाले, की शिवी दिली असती तर बरं, असं मला झालं. तिथल्या तिथे ठरवलं, अण्णांकडे जायचं आणि सगळं सांगून टाकायचं. नोकरी गेली तर गेली. असले निर्धार माणूस जेवणाच्या सुट्टीत फार चटकन करतो.

चार वाजता मी अण्णांच्या केबिनमध्ये गेलो. "अण्णा, थोडं बोलायचं होतं."

"ये. मलापण," अण्णा म्हणाले आणि एक पाकीट पुढे सरकवलं. "वाच."

आत टाइप केलेलं पत्र होतं. मला त्या तारखेपासून कायम केलं होतं. खाली अण्णांची सही आणि कंपनीचा गोल शिक्का, शाई अजून ओली.

"काय बोलायचं होतं?"

मी पत्र दोनदा वाचलं. घरी आईनं पहिल्यापासून हेच एक वाक्य धरून ठेवलं होतं, 'कायम झालास की सांग'. लग्नाची बोलणी त्यावर अडली होती.

"नवीन पत्रा कधी येतोय, ते विचारायचं होतं," मी म्हणालो.

"उद्या सकाळी."

"बरं."

गुरुवारी ट्रे बसला. यल्लाप्पानं कागदाबरहुकूम कापला, कागदाबरहुकूम वाकवला आणि तो सहाशेला सहाशे भरला. मोटर चालू केली, मशीन थरथरलं, बेदाणे नाचायला लागले, ट्रे जागचा हलला नाही. निंबाळकरांनी माझ्याशी हात मिळवला. "इंजिनियर चांगला आहे तुमचा," ते अण्णांना म्हणाले. दोनशे मशीनची ऑर्डर तिथल्या तिथे पक्की झाली. अण्णांनी सगळ्यांना चहा सांगितला.

मामा तेव्हा शेडच्या दाराशी बसून तयार माल पुसत होते. तेच काम त्यांना दिलं होतं. चहा घ्यायला म्हणून उठले, मशीनपाशी आले, ट्रेच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि कड डोळ्याच्या रेषेत धरून पाहिली, नेहमीसारखा एक डोळा मिटून.

"झ्याक बसलाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आता कागदातच कमी हुतंय सगळं. चांगलं झालं."

"मामा, मी अण्णांशी बोलतो. तुम्हाला परत मशीनवर..."

"कशाला? मी तिथं हुभा ऱ्हाऊन करू काय? कापायचं तर तुमी ठेवलंच न्हाई."

टोमणा असता तर मी परतवला असता, टोमण्यांत मी कमी नव्हतो. पण ते खरोखरच तसं समजत होते. पहिली तारीख झाली आणि ते आपले आपण गेले. नंतर कळलं, की मिरजेत जावयाच्या घराशेजारी धान्याच्या कोठ्या करायला बसले. तिथे ड्रॉइंगही नव्हतं आणि ड्रॉइंग इनचार्जही नव्हता, त्यामुळे धंदा बरा चालला म्हणे.

ते गेले त्या शनिवारी मी अण्णांच्या केबिनमध्ये पुन्हा गेलो. या वेळी काही पाकीट पुढे येण्याआधीच बोलायला लागलो. वजावट, ऑप्शनला टाकलेलं प्रकरण, पहिला आठवडा, पायाची कात्री, सगळं ओकून टाकलं. पुरावा म्हणून खिशातून एक कुरळी पट्टीही काढून टेबलावर ठेवली. "चूक माझी होती, अण्णा. मामांची नव्हती."

अण्णांनी पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"भंगार कोण देतंय रे इथलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"दर शनिवारी स्वतः हुभा ऱ्हाऊन देतोय. चार चार मिलिमीटरच्या पट्ट्या एका ड्रमात साठायला लागल्या तर मला कळायचं न्हाई होय? दुसऱ्या म्हैन्यातच कळलं मला."

"मग... माहीत असून मामांना मशीनवरून का काढलंत?" मी विचारलं.

"मग काय करायचं? निंबाळकराला सांगायचं, आमच्या इंजिनियरला सहा म्हैनं वजावट येत नव्हती? गेला असता की तो बेदाणे घेऊन पुण्याला. पत्रा वाकवणाऱ्याची नजर चुकली म्हटलं, लगेच पटलं त्याला. तसलं कुणालाबी पटतं."

चहा आला. अण्णांनी तो बशीत ओतला आणि फुंकर घालत माझ्याकडे बघितलं, अगदी मायेनं.

"आणि तुझं म्हणशील तर, चार कुठं गेलं म्हणून मी विचारलं ना, तवा मी मामाकडं बघतच नव्हतो. तुझ्याकडं बघत होतो. तुला कळलं, ते दिसलं तुझ्या तोंडावर. म्हटलं बघू, आता हे पोरगं काय करतंय. तू गप बसलास." त्यांनी एक घोट घेतला. "पत्र तोवर टाइप झालं नव्हतं, विद्याधर."

मी पट्टी उचलून परत खिशात घातली. अण्णांनी माझ्यासाठीही चहा सांगितला होता, तो प्यायलो. मग बोर्डापाशी जाऊन सोमवारच्या मालाचं ड्रॉइंग काढायला घेतलं. त्या शेडमध्ये मी पुढे अकरा वर्षं होतो.